निळा दिवा, ईआरके आणि मे महिना

जिवंत पेशीतला संकेत (इथे ईआरके या प्रथिनाचा) प्रकाशाने चालवून पाहायचा तर दोन रंगांचं काम असतं. एका रंगाने संकेत सुरू करायचा, दुसऱ्या रंगाने तो पुढे पोचला का ते पाहायचं. छत्रपती संभाजीनगरात ही पद्धत बसवताना निळा दिवा पेटवणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग निघाला. अवघड आहे ते पेशींना खरोखरच्या अंधारात ठेवणं, आणि एप्रिल-मेमध्ये त्यांना ३७ अंशांच्या वर जाऊ न देणं. छापील पद्धतीत या दोन गोष्टींना जेमतेम एक ओळ मिळते, म्हणून इथे त्यांच्यावरच जास्त लिहिलं आहे.

आधी वाट कोणती ते सांगतो. बाहेरून वाढघटक येऊन पेशीपटलावरच्या रिसेप्टरला (त्याला ओळखणाऱ्या प्रथिनाला) चिकटला की एसओएस नावाचं प्रथिन पेशीपटलाकडे ओढलं जातं. तिथे ते रासला चालू करतं, रास रॅफला, रॅफ मेकला आणि मेक ईआरकेला. ईआरके मग केंद्रकात जाऊन जनुकं चालूबंद करतं. वाढघटक टाकून हे सगळं सुरू करता येतंच, पण त्याच रिसेप्टरवरून पीआय३ कायनेजसारख्या (कायनेज म्हणजे फॉस्फेट लावणारं विकर) बाकीच्या वाटाही उघडतात, आणि एकदा टाकलेला वाढघटक मनात आलं की काढून घेता येत नाही. प्रकाशाचा फायदा इथे आहे: धरणाचा दरवाजा न उघडता मधल्या एका चारीचंच दार वरखाली करायचं आणि शेवटच्या शेतात पाणी कधी पोचतं ते पाहायचं.

हे दार बसवायला तीन पद्धती मुख्यतः वापरात आहेत. २००९ साली आलेली फायटोक्रोम बी आणि पीआयएफ या वनस्पतींमधल्या प्रथिनांची जोडी ६५० नॅनोमीटरला जुळते आणि ७५० नॅनोमीटरला सुटते. दोन्ही दिशांचा ताबा हातात राहतो, पण तिला फायकोसायनोबिलिन हे प्रकाश टिपणारं रंगद्रव्य बाहेरून घालावं लागतं. ते स्पिरुलिनापासून काढतात, प्रकाशात खराब होतं आणि दर खेपेचा दर्जा वेगळा निघतो. २०१०ची क्रिप्टोक्रोम २ आणि सीआयबी१ची जोडी निळ्या प्रकाशावर चालते, बाहेरून काही घालावं लागत नाही. मात्र अंधारात सुटण्याचं तिचं अर्धायुष्य (निम्म्या जोड्या सुटायला लागणारा वेळ) पाच मिनिटांच्या आसपास असतं, शिवाय क्रिप्टोक्रोम २ आपापसातच गोळे करतं. रॅफसारखं प्रथिन नुसतं एकत्र आल्यानेही चालू होतं, त्यामुळे ही सवय ईआरकेच्या कामात डोकेदुखी ठरते. तिसरी आयलिड, २०१५ची. ओटच्या फोटोट्रोपिनमधला एलओव्ही२ हा तुकडा, त्याच्या शेपटीत दडवलेला एसएसआरए नावाचा छोटा पेप्टाइड; निळा प्रकाश पडला की शेपटी उलगडते आणि एसएसपीबी हे प्रथिन येऊन चिकटतं. दिवा बंद केला की साधारण अर्ध्या मिनिटाच्या अर्धायुष्याने सुटतं. आमच्या मते ईआरकेसारख्या मिनिटांत हलणाऱ्या संकेताला आयलिडच बरं. पेशीपटलावर, तिथेच धरून ठेवणारी कॅक्स शेपटी लावलेलं आयलिड, आणि पेशीद्रव्यात मोकळं फिरणारं एसएसपीबीला जोडलेलं एसओएसचं फक्त उत्प्रेरक अंग. निळा पडला की हे अंग पटलावर जातं आणि रास चालू होतो.

आता पाहायचं कशाने? २०१४ साली ईआरकेसाठी केटीआर नावाचा सूचक आला. ईआरके बंद असताना तो केंद्रकात बसतो. ईआरकेने त्यावर फॉस्फेट लावलं की बाहेर पेशीद्रव्यात येतो. बाहेरची चमक भागिले आतली चमक, एवढंच मोजायचं. पण त्याला जीएफपी हे हिरवं चमकणारं प्रथिन लावून चालत नाही, कारण जीएफपी पाहायला ४८८ नॅनोमीटरचा निळा प्रकाश लागतो आणि ४८८ टाकला की आयलिड उघडलंच. म्हणजे बघण्याच्या कृतीनेच प्रयोग सुरू होतो. ४०५ नॅनोमीटरनेही एलओव्ही२ उघडतो, तेव्हा निळ्या चमकेच्या बीएफपीकडेही प्रयोग चालू असताना बघायचं नाही. उरतात लाल आणि त्यापलीकडचा तांबूस भाग. वाटणी अशी करावी: केटीआरला आयआरएफपी हे अवरक्ताजवळ चमकणारं प्रथिन, केंद्रक ओळखायला त्यातल्या हिस्टोन एच२बी या प्रथिनाला लाल टॅग, आणि एसओएसच्या तुकड्याला बीएफपी. शेवटचा फोटो म्हणून, सगळं आटोपल्यावर, बीएफपी एकदाच पाहायचं. कुठल्या पेशीत दार किती बसलं होतं ते त्यावरून कळतं.

आयआरएफपी मंद आहे हे धरून चालावं. त्याला बिलिव्हर्डिन हे रंगद्रव्य लागतं, जे सस्तन पेशीत असतं पण पुरेसं नसतं. माध्यमात ५ ते २५ मायक्रोमोलर घातलं तर चमक वाढते. ६४० नॅनोमीटरला कॅमेऱ्याची ३०० ते ५०० मिलिसेकंद उघडझाप ठेवावी लागते.

ही प्रथिनं पेशीत बनवणारा डीएनए परदेशी डीएनए-संग्रहातून येतो तेव्हा बहुधा आगरात टोचलेल्या जिवाणूंच्या कुपीत येतो. उन्हाळ्यात ही कुपी कुरिअरच्या बंद गाडीत तापते, म्हणून हाती आली त्याच दिवशी प्लेटवर रेघाटून घ्यावी, फ्रिजमध्ये ठेवून सोमवारची वाट पाहू नये. त्याआधी संस्थेच्या जैवसुरक्षा समितीकडे अर्ज गेलेला हवा. डीएनए पेशीत पोचवायला लेंटिव्हायरस हा विषाणू वापरणार असाल तर बीएसएल-२ची (जैवसुरक्षेच्या दुसऱ्या पातळीची) सोय आणि तसा स्पष्ट उल्लेख अर्जात लागतो. पेशी म्हणून उंदराच्या एनआयएच ३टी३ चांगल्या; पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या पेशीसंग्रहाचा पर्याय आपल्याकडच्यांना सगळ्यात जवळचा.

व्हायरस एचईके २९३टी पेशींत नेहमीच्या पॅकेजिंग प्लास्मिडांसह (व्हायरसचे भाग बनवणाऱ्या डीएनए-कड्यांसह) करायचा. ४८ आणि ७२ तासांनी द्रव गोळा करून ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून काढायचा; ०.२२ची लावली तर बराच व्हायरस गाळणीवरच राहतो. व्हायरस शिरायला मदत करणाऱ्या ८ मायक्रोग्रॅम प्रति मिली पॉलिब्रीनसह ३टी३वर घालायचा आणि दोन दिवसांनी २ मायक्रोग्रॅम प्रति मिली प्युरोमायसिन या प्रतिजैविकाने, डीएनए न पोचलेल्या पेशी मारून, निवड करायची. निवडीच्या काळातही प्लेट फॉइलमध्येच राहावी. खोलीतल्या ट्यूबलाइटनेही ईआरके अधूनमधून पेटत राहतं, त्यात दार जास्त असलेल्या पेशी मागे पडतात आणि तीन-चार पॅसेजमध्ये (पेशी नव्या प्लेटमध्ये वाटण्याच्या फेऱ्यांत) हाती उरतात त्या न ऐकणाऱ्या पेशी. चमकेप्रमाणे पेशी वेगळ्या करणारं सॉर्टर यंत्र जवळ नसेल तर ९६ वेलच्या (खळग्यांच्या) प्लेटमध्ये दर वेलला अर्धी पेशी या हिशोबाने पातळ करून क्लोन (एकाच पेशीची संतती) काढावेत. सगळ्यात चमकणारा क्लोन घेण्याचा मोह टाळावा, कारण त्यात अंधारातही गळती असते. मध्यम चमकेचा निवडावा.

दिव्याची पाटी घरी करता येते. २४ वेलची काळ्या भिंतीची, काचतळाची प्लेट घ्यायची; तिच्या वेलमधलं अंतर केंद्रापासून केंद्रापर्यंत १९.३ मिलिमीटर असतं, तेवढ्याच अंतरावर ४७० नॅनोमीटरचे ५ मिमी एलईडी छिद्रं पाडलेल्या पाटीवर बसवायचे. ५ व्होल्टचा पुरवठा, एलईडीवर ३.२ व्होल्ट, हवेत २० मिलिअँपिअर, म्हणजे ९० ओम. बाजारात १०० ओमचा रोधक मिळतो, त्यात १८ मिलिअँपिअर जातात. अर्डुइनो या छोट्या नियंत्रक बोर्डाच्या पायाला एवढे एलईडी थेट जोडू नयेत, मध्ये यूएलएन२८०३ ही ट्रान्झिस्टरांची चिप घालावी; तिच्यावर थोडे व्होल्ट खर्ची पडतात, त्यामुळे प्रत्यक्ष प्रवाह १८पेक्षा कमी येतो. एलईडी आणि प्लेट यांच्यामध्ये ट्रेसिंग पेपरचे दोन थर ठेवले की वेलच्या मधोमध पडणारा प्रखर ठिपका पसरतो. शेजारच्या वेलमध्ये उजेड शिरू नये म्हणून काळ्या कार्डशीटच्या नळ्या कराव्यात. इनक्युबेटरमधल्या दमटपणाने जोड हिरवे पडतात, त्यांवर पारदर्शक नेलपॉलिशचे दोन हात द्यावेत. अर्डुइनो आणि रोधक दोन्ही बाहेर ठेवावेत आणि चपटी वायर दाराच्या रबरातून आत न्यावी.

रोधक बाहेर का? २४ एलईडी, प्रत्येकी फार तर १८ मिलिअँपिअर, ५ व्होल्ट: २.१६ वॉट. सतत चालू ठेवले तर पाटीवर टेकलेल्या प्लेटचं तापमान अंशभर चढायला एवढं पुरे, आणि तापमान चढलं की पेशी त्यालाही उत्तर देतात. पण आयलिडला सतत उजेड लागतच नाही. २० सेकंदांत १ सेकंद दिला तरी दार बहुतांश उघडं राहतं, आणि सरासरी उष्णता वीस पटीने कमी, ०.१ वॉटच्या आसपास. प्लेटच्या पातळीवर पॉवर मीटरने मोजून १ मिलिवॉट प्रति चौरस सेंमी ठेवलं तर सरासरी मात्रा ५० मायक्रोवॉट पडते. मीटरची तरंगलांबी ४७०वर लावायला विसरू नये, नाहीतर आकडाच चुकतो. मोजमाप प्रत्येक वेलखाली करावं. एकाच पाकिटातले एलईडीही सारखे उजळत नाहीत.

हे सगळं इनक्युबेटरमध्ये. आणि इनक्युबेटर फक्त तापवतो, गार करत नाही, हे मराठवाड्यात ध्यानात ठेवायलाच हवं. आत ३७ टिकायला बाहेरची खोली निदान पाच अंशांनी थंड हवी. दुपारी लाइट गेली, एसी थांबला आणि खोली ३६-३७ला पोचली की आतला काटा ३८-३९कडे सरकतो, आणि पाटीचे एलईडी त्यात भर घालतात. म्हणून उन्हाळ्यात लांबीचे प्रयोग संध्याकाळी सुरू करून रात्री चालवलेले बरे. यूपीएसवर इनक्युबेटर, अर्डुइनो आणि संगणक हे तिन्ही हवेत. इन्व्हर्टर बदलताना जो क्षणभराचा झटका बसतो, तेवढ्याने अर्डुइनो पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू होतो आणि दोन तास झालेल्या पेशींना परत वीस मिनिटांचा अंधार देतो. डीएस३२३१सारखं घड्याळ जोडून सुरुवातीची वेळ त्याच्या जिवावर ठेवावी, म्हणजे परत चालू झाल्यावर कुठे होतो ते त्याला कळतं. ट्रेमध्ये डिस्टिल्ड पाणीच घालावं. बोअरच्या पाण्याने आतल्या स्टीलवर आणि सेन्सरवर पांढरा थर चढतो.

आता अंधार. लाल बल्ब लावला की झालं असं वाटतं, पण रंगीत काचेच्या किंवा लाल जिलेटीन कागदाच्या दिव्यातून थोडा निळा गळतोच. ६३० नॅनोमीटरचा लाल एलईडी स्वच्छ असतो. दाराखालच्या फटीतून येणारं ऊन, संगणकाचा पडदा, मोबाइल, इनक्युबेटरच्या आतल्या काचेवर पडणारा कॉरिडॉरचा उजेड, हे सगळे चोर. सगळ्यात पक्का चोर मात्र सूक्ष्मदर्शकावरच बसलेला असतो: पेशी शोधायला वापरतो तो वरचा पांढरा दिवा. त्यात भरपूर निळा असतो. फोकस लावायला घेतलेल्या दोन मिनिटांत ईआरके पेटून जातं, आणि पहिल्या फोटोतच केटीआर बाहेर दिसतो. या दिव्यावर ६०० नॅनोमीटरच्या पुढचंच जाऊ देणारी गाळणी कायमची बसवावी. आपोआप फोकस ठेवणारी यंत्रणा अवरक्त वापरते, तिचा त्रास नाही.

अंधार खरा आहे का, हे तपासायची चाचणी सोपी आहे आणि ती टाळू नये. निळा अजिबात न देता, फक्त ५६१ (लाल टॅगसाठी) आणि ६४० नॅनोमीटरचे (आयआरएफपीसाठी) फोटो दर मिनिटाला अर्धा तास काढायचे. केटीआर केंद्रकातच राहिला पाहिजे. हळूहळू बाहेर येत असेल तर ५६१च्या वाटेतली गाळणी गळते आहे किंवा खोली गळते आहे. कॅमेऱ्यावर काळं कापड टाकून हा प्रश्न सुटत नाही, उजेड पेशींवर पडतो आहे.

प्रयोगाच्या आदल्या दिवशी वेल १० मायक्रोग्रॅम प्रति मिली फायब्रोनेक्टिन या पेशी चिकटवणाऱ्या प्रथिनाने तासभर लेपून घ्यायचे आणि दर वेलला ३० ते ४० हजार पेशी पसरायच्या. पेशी एकमेकींना खेटल्या की केंद्रकाभोवतीचं कडं मोजता येत नाही. दुसऱ्या दिवशी सीरम (त्यात वाढघटक असतात) नसलेल्या माध्यमात निदान ४ तास उपाशी ठेवायच्या. फोटोच्या माध्यमात फिनॉल रेड हा रंग नको आणि रायबोफ्लेविन हे जीवनसत्त्व कमी हवं. निळ्या उजेडात रायबोफ्लेविन ऑक्सिजनचे विषारी रेणू तयार करतं आणि तो ताणही कायनेजांना चाळवतो. कार्बन डायऑक्साइडची सोय नसेल तर माध्यमाची आम्लता स्थिर ठेवायला २० ते २५ मिलिमोलर हेपीस घालावं.

कोरड्या हवेत बाष्पीभवन हा वेगळाच शत्रू. मेमध्ये इथली हवा इतकी कोरडी असते की तापवलेल्या स्टेजवर ४०० मायक्रोलिटर माध्यम डोळ्यांदेखत कमी होतं. क्षार दाटतात, पेशी आकसतात आणि ताणाचे कायनेज जागे होतात. वरून निर्जंतुक खनिज तेलाचा पातळ थर सोडला की हे थांबतं. औषध नंतर घालायचं असेल तर पिपेटचं टोक तेलाखाली नेऊन सावकाश सोडावं.

सूक्ष्मदर्शकाचं स्टेज, त्याची तापवलेली पेटी आणि एसी निदान दोन-तीन तास आधी चालू करून मग त्यांना हात लावू नये. एसीचा कॉम्प्रेसर चालू-बंद होताना फोकस काही मायक्रॉन हलतो.

प्रयोगाचा आराखडा असा: २० मिनिटं अंधार, ३० मिनिटं निळे ठोके, ३० मिनिटं परत अंधार. मग पीडीजीएफ हा वाढघटक, आणि शेवटी १ मायक्रोमोलर पीडी०३२५९०१, म्हणजे मेक बंद. पीडीजीएफने वरची हद्द कळते, मेक बंद केल्याने खालची. ३टी३मध्ये ईजीएफ या दुसऱ्या वाढघटकाचे रिसेप्टर कमी असतात, म्हणून नेहमीच्या सवयीने ईजीएफ टाकून 'पेशी ऐकत नाहीत' असा निष्कर्ष काढू नये.

निळा सूक्ष्मदर्शकाच्याच लेन्समधून द्यायचा असेल तर एक खोच आहे. लेन्स ज्या जागेवर आहे तिथेच उजेड पडतो. आठ जागा फिरायला मिनिट लागत असेल तर प्रत्येक जागेला मिनिटातून एकच ठोका मिळतो, आणि आयलिड तोवर बरंचसं सुटलेलं असतं. आलेख मग दातेरी दिसतो आणि लोक त्यात जीवशास्त्र शोधत बसतात. त्यापेक्षा झाकणावर एक एलईडी बसवून सगळ्या वेलला एकदम ठोका द्यावा आणि तो कॅमेऱ्याच्या उघडझापेच्या मधल्या वेळेत पडेल असं जोडावं.

नियंत्रणं तीन लागतात. दार नसलेल्या पेशींना तेवढाच उजेड. दार असलेल्या पेशी पूर्ण अंधारात. आणि एलओव्ही२मधलं ४५० क्रमांकाचं सिस्टीन बदलून आंधळं केलेलं आयलिड. तिसरं नियंत्रण बहुतेक जण गाळतात. उजेडाचा ताण आणि दाराचं काम वेगळं करायला तेच कामी येतं.

मोजताना एच२बीच्या फोटोवरून केंद्रकं ओळखायची. त्यासाठी फिजी, सेलपोज किंवा सेलप्रोफायलर हे सॉफ्टवेअर, ज्याला जे जमेल ते. २० एक्स लेन्स आणि ६.५ मायक्रॉनच्या कॅमेऱ्यात एक पिक्सेल ०.३२५ मायक्रॉनचा पडतो. केंद्रकाच्या कडेपासून दोन पिक्सेल सोडून सहा ते आठ पिक्सेलचं कडं घ्यायचं आणि दोन्हीकडची मध्यिका काढायची. भागाकाराआधी पार्श्वभूमी वजा करणं इथे फार महत्त्वाचं. आयआरएफपी मंद, त्यात वर आणि खाली सारखीच पार्श्वभूमी मिसळली की गुणोत्तर १कडे ओढलं जातं आणि खरा बदल निम्मा दिसतो. विभाजन होत असलेल्या पेशी वगळाव्यात. केंद्रकाचं आवरणच विरघळल्यावर आत-बाहेर याला अर्थ राहत नाही.

केटीआरवर एकट्यावर विसंबू नये, फॉस्फो-ईआरकेचा (फॉस्फेट लागलेल्या, म्हणजे चालू ईआरकेचा) ब्लॉटही, म्हणजे पेशी फोडून त्यातलं ते प्रथिन मोजणंही, करावा. तिथे वेळ मिनिटांची नाही, सेकंदांची आहे. प्लेट पाटीवरून उचलून हूडपर्यंत (निर्जंतुक कामाच्या कप्प्यापर्यंत) नेली तेवढ्यात दार सुटायला लागतं आणि फॉस्फेट काढून टाकणारी विकरं, म्हणजे फॉस्फेटेज, आपलं काम सुरू करतात. दिवा चालू असतानाच, पाटीवरच माध्यम ओढून पेशी फोडणारं थंडगार लायसिस बफर घालायचं, त्यात फॉस्फेटेज रोखणारं सोडियम फ्लोराइड आणि ऑर्थोव्हॅनाडेट असलंच पाहिजे. अंधारातले वेल लाल दिव्यात आणि आधी उरकावेत.

आता निकालाचं वाचन. वाढघटक दिल्यावर ईआरके उसळी घेतं आणि बऱ्याचदा खाली येतं. रिसेप्टर आत ओढले जातात, ईआरके स्वतः उलट जाऊन एसओएसच्या शेपटीला फॉस्फेट लावून त्याला आवरतं. निळ्या दिव्याखाली ते तुलनेने टिकून राहतं, कारण इथे रिसेप्टर वगळलेला आहे आणि एसओएसची ती शेपटी कापलेली आहे. दोन आलेख एकमेकांवर ठेवले की कोणता लगाम दाराच्या वर आहे आणि कोणता खाली ते दिसू लागतं. फॉस्फेटेजसारखा लगाम खाली असतो, तो दोन्ही आलेखांत दिसतो. २०१३ साली फायटोक्रोमच्या जोडीने केलेल्या अशाच कामात दिसलं होतं की ईआरके लांबवर टिकलं तरच पेशी बाहेर काही सोडतात आणि शेजारच्या पेशीत स्टॅट३ हे दुसरं संकेत-प्रथिन जागं होतं. छोट्या ठोक्याने ते होत नाही. त्यामुळे लांबीचे प्रयोग करताना शेजारच्या पेशीचं उत्तर तिचं स्वतःचं आहे की उधारीचं, हा प्रश्न विचारावाच लागतो. दार असलेल्या आणि नसलेल्या पेशी एकत्र वाढवून, शेवटच्या बीएफपी फोटोवरून त्या वेगळ्या केल्या की त्याचं उत्तर त्याच वेलमध्ये मिळतं.

क्लोन जमला की पहिल्या दोन-तीन पॅसेजमध्येच भरपूर कुप्या गोठवून ठेवाव्यात. वाढवत राहिलं तर दार हळूहळू मुकं होतं, फॉइल कितीही घट्ट असली तरी. दर महिन्याला एका वेलचा बीएफपी फोटो काढावा. चमक निम्म्यावर आली की ती प्लेट टाकून नवी कुपी काढायची.